जुन्या व्हॉल्व्हची पारख आणि जुळणी

ध्वनियंत्रांतील जुन्या व्हॉल्व्हच्या बाबतीत काचेवर छापलेले नाव हा सर्वांत कच्चा पुरावा होय. आणि ही गोष्ट ज्याच्या मनावर आरंभीच ठसते, त्याचे पुढे पुष्कळ द्रव्य आणि द्रव्याहूनही मोलाचा असा पुष्कळ उत्साह वाचतो. लॅमिंग्टन रोडवरील एखाद्या दुकानाच्या माळ्यावर, पुण्याच्या जुन्या बाजारात, अथवा धंदा आटोपता घेतलेल्या एखाद्या रेडिओ-दुरुस्तीदाराच्या खोक्यांत हे जिन्नस आजही अधूनमधून हाती लागतात, आणि त्यांवर मुलार्ड, टेलिफंकन, आर.सी.ए. यांसारखी कीर्तिमान नावे वाचून शौकिनाचे मन हरखून जावे हे स्वाभाविकच आहे. परंतु ज्या काळात हे व्हॉल्व्ह लक्षावधींच्या संख्येने तयार होत होते, त्या काळी कारखानदार परस्परांशी मालाची देवघेव सर्रास करीत. एकाच्या कारखान्यात बनलेली नळी दुसऱ्याच्या शिक्क्याने आणि तिसऱ्याच्या खोक्यातून विकली जाई, आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नसे. पूर्व जर्मनीतील आर.एफ.टी.च्या कारखान्यांत बनलेले ईएल३४ पश्चिमेत सीमेन्सच्या नावाने विकले गेले, हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. जुन्या मालास मोठी किंमत येऊ लागल्यापासून त्यात निखळ बनावटीचीही भर पडली आहे, कारण रंगाचा छाप पुसणे आणि नवा उठवणे यांस फारसे कौशल्य लागत नाही. सबब, हाती असलेला व्हॉल्व्ह कोणत्या जातीचा, कोणाच्या कारखान्यातला, कोणत्या काळातला आणि आज कोणत्या अवस्थेत आहे, हे चारही प्रश्न वेगवेगळे धरून प्रत्येकाचे उत्तर त्याच्या योग्य साक्षीदाराकडूनच घ्यावे.

जातीचा प्रश्न त्यांत सर्वांत सोपा, कारण युरोपीय नामावली मोठ्या विचाराने रचलेली आहे आणि तिची अक्षरे एकदा पाठ झाली म्हणजे पुस्तक उघडण्याची गरज क्वचितच पडते. पहिले अक्षर हीटरविषयी सांगते: ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट, ‘जी’ म्हणजे ५ व्होल्ट, ‘डी’ म्हणजे बॅटरीवर चालणारा सुमारे १.४ व्होल्टचा, ‘पी’ म्हणजे ३०० मिलिअँपिअरच्या आणि ‘यू’ म्हणजे १०० मिलिअँपिअरच्या एकसर मालिकेत जोडावयाचा. पुढील अक्षरे अंतर्भागाची असतात: ‘सी’ म्हणजे ट्रायोड, ‘एफ’ म्हणजे लहान पेंटोड, ‘एल’ म्हणजे शक्तिदायी पेंटोड, ‘झेड’ म्हणजे दुहेरी रेक्टिफायर, आणि अक्षर दोनदा आले तर तो भागही दोनदा आहे असे समजावे. आकड्यांपैकी पहिला बहुधा बैठकीचा: ३ असेल तर आठ पिनांची ऑक्टल, ८ असेल तर नऊ पिनांची नोव्हल, ९ असेल तर सात पिनांची लघु बैठक. या रीतीने ईसीसी८३ म्हणजे ६.३ व्होल्टचा, नऊ पिनांचा, दुहेरी ट्रायोड. ईएल३४ म्हणजे ऑक्टल बैठकीचा शक्तिदायी पेंटोड. आणि जीझेड३४ म्हणजे ५ व्होल्ट हीटरचा रेक्टिफायर, हे नावातच लिहिलेले असते. आकडा अक्षरांच्या मध्ये आला, जसे ई८८सीसी, तर तो उपकरणांसाठी आणि दीर्घ आयुष्यासाठी बनवलेला विशेष दर्जाचा प्रकार होय. अमेरिकन नामावली इतकी बोलकी नाही. तिच्यातील पहिला आकडा हीटरचे व्होल्टेज ढोबळमानाने देतो आणि बाकीचे कोष्टकातच पाहावे लागते. तथापि नित्याच्या जोड्या थोड्याच आहेत: १२एएक्स७ म्हणजे ईसीसी८३, १२एयू७ म्हणजे ईसीसी८२, १२एटी७ म्हणजे ईसीसी८१, ६बीक्यू५ म्हणजे ईएल८४, ६डीजे८ म्हणजे ईसीसी८८, ५एआर४ म्हणजे जीझेड३४. ब्रिटिश सैन्यदलांच्या मालावर ‘सीव्ही’ या अक्षरांपुढे क्रमांक असतो, आणि साध्या कागदी वेष्टनातला सीव्ही ४००४ हा विशेष दर्जाचा ईसीसी८३ आहे हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळांनी उत्तम माल रद्दीत घातला आहे.

नावे जुळली म्हणजे व्हॉल्व्ह बदलता येतात असे मात्र समजू नये, आणि नुसती पिनांची संख्या जुळली म्हणून तर मुळीच समजू नये. ईसीसी८३चा हीटर मधोमध फोडलेला असून त्याचा मध्यबिंदू नवव्या पिनेवर आणलेला असतो, त्यामुळे तो १२.६ व्होल्टांवरही चालतो आणि ६.३ व्होल्टांवरही; ईसीसी८८ची नववी पिन मात्र अंतर्गत पडद्याची असून हीटर केवळ ४ आणि ५ या पिनांवर ६.३ व्होल्टांचाच असतो. तो १२.६ व्होल्ट जोडलेल्या सॉकेटात खुपसला तर क्षणार्धात जळतो. रशियन ६एन२पी हा गुणांनी ईसीसी८३च्या जवळचा असला, तरी हीटरच्या जोडणीत त्याने हीच दुसरी रीत स्वीकारलेली आहे. पीसीसी८८ हा दूरदर्शन संचांतला ईसीसी८८चा भाऊ, परंतु त्याचा हीटर ७ व्होल्टांचा, तो ६.३ व्होल्टांवर चालतो खरा, पण कॅथोड अपुरा तापतो. ईएल३४ आणि ६सीए७ ही एकाच व्हॉल्व्हची युरोपीय व अमेरिकन नावे मानली जातात, तरी सिल्व्हेनियाने ६सीए७ म्हणून जो जाड पोटाचा व्हॉल्व्ह काढला तो आतून पेंटोड नसून बीम टेट्रोड आहे. तो बदली म्हणून चालतो. पण एका बाजूस तो आणि दुसऱ्या बाजूस खरा ईएल३४ अशी जोडी कोणी लावू नये. ६एल६साठी बनवलेल्या यंत्रात ईएल३४ घालण्याचा मोह होतो तेव्हा दोन गोष्टी तपासाव्या: ईएल३४ची पहिली पिन म्हणजे त्याचा तिसरा ग्रिड, तो आठव्या पिनेवरील कॅथोडशी जोडलेला असलाच पाहिजे; आणि त्याचा हीटर ०.९च्या जागी १.५ अँपिअर घेतो, तो भार ट्रान्सफॉर्मरला झेपला पाहिजे.

आता कारखान्याचा प्रश्न. येथे फिलिप्सच्या कुटुंबाने, ज्यात १९२०च्या दशकापासून मुलार्डही सामील होते, संग्राहकावर मोठा उपकार करून ठेवला आहे. या कुटुंबाच्या बहुतेक व्हॉल्व्हच्या काचेवर, बुडाशी, करड्या रंगाच्या बारीक अक्षरांत दोन ओळी कोरल्यासारख्या उमटवलेल्या असतात. छापाचे नाव बोटाने पुसले जाते, पण ही अक्षरे काचेत शिरलेली असल्यामुळे टिकून राहतात. वरच्या ओळीत जातीचे गुप्त चिन्ह आणि त्यापुढे रचनेत झालेल्या बदलाचा क्रमांक असतो: ईसीसी८३ला ‘आय६१’ अथवा ‘आय६३’, ईएल३४ला ‘एक्सएफ१’, ‘एक्सएफ२’ असे पुढे ‘एक्सएफ४’ पर्यंत. खालच्या ओळीतील पहिले चिन्ह कारखान्याचे, नंतरचा आकडा सनाचा अखेरचा आकडा, त्यापुढील अक्षर महिन्याचे, ‘ए’ म्हणजे जानेवारी ते ‘एल’ म्हणजे डिसेंबर, आणि शेवटचा आकडा त्या महिन्यातील आठवड्याचा. कारखान्याचे चिन्ह ‘बी’ असेल तर माल इंग्लंडातील ब्लॅकबर्नचा, ‘आर’ असेल तर मिचमचा, ‘डी’ असेल तर हॅम्बुर्गचा, आणि लहानसा त्रिकोण असेल तर हॉलंडमधील हेर्लेनचा. म्हणजे ‘आय६३’ आणि त्याखाली ‘बी४ई२’ असे दिसले, तर ब्लॅकबर्न येथे चाराने संपणाऱ्या सालच्या मे महिन्यातील दुसऱ्या आठवड्यात बनलेला ईसीसी८३ असा त्याचा सरळ अर्थ, मग वर नाव मुलार्डचे असो, ॲम्पेरेक्सचे असो वा एखाद्या रेडिओ कंपनीचे असो. ॲम्पेरेक्सच्या ज्या व्हॉल्व्हवरील बिगुलवाल्या पोराच्या चित्रासाठी लोक दामदुप्पट मोजतात, त्यांतील पुष्कळ नग हेर्लेनचेच आहेत, आणि त्याच त्रिकोणाचा, त्याच महिन्यातला, पण चित्र नसलेला नग कानाला तसूभरही वेगळा लागत नाही. चित्राचे पैसे देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सनाचा एकच आकडा मिळाल्यामुळे दशकाचा निर्णय रचनेवरून करावा लागतो, आणि येथे डोळ्यांनी पाहण्याची सवय उपयोगी पडते. ईसीसी८३च्या जुन्या नगांत प्लेट सुमारे १७ मिलिमीटर लांब असते, नंतरच्यांत सुमारे १४. आणि काचेच्या माथ्याशी ज्या तारेच्या आकृतीवरून बेरियमचे बाष्प उडवलेले असते, ज्याला जाणकार गेटर म्हणतात, ती १९५०च्या दशकातील मालात चौकोनी वा ‘डी’ अक्षरासारखी, तर पुढील काळात गोल कड्यासारखी आढळते. आखूड प्लेट व गोल गेटर असलेला ‘बी४ई२’ म्हणून बहुधा १९६४चा धरावा. ईएल३४चे अगदी आरंभीचे फिलिप्सचे नग धातूच्या बैठकीवरून तत्काळ ओळखता येतात. टेलिफंकनची खूण निराळी: त्यांच्या स्वतःच्या कारखान्यांत बनलेल्या नोव्हल व्हॉल्व्हच्या बुडाशी, पिनांच्या मधोमध, काचेच्या साच्यातूनच उतरलेला एक लहान शंकरपाळ्याच्या आकाराचा चौकोन असतो. तो काचेचा भाग असतो. मागाहून घासून वा रंगवून उठवलेला चौकोन भिंगाखाली ओरखड्यांनी ओळखू येतो, आणि मुळीच नसेल तर छाप काहीही असो, माल बहुधा दुसऱ्याचा. अमेरिकन व्हॉल्व्हवर कारखान्याचा तीन आकडी क्रमांक पुष्कळदा सापडतो: २७४ आर.सी.ए., १८८ जनरल इलेक्ट्रिक, ३१२ सिल्व्हेनिया, ३२२ टंग-सोल, २८० रेथिऑन, आणि आर.सी.ए.चा जातिक्रमांक बहुधा अष्टकोनी चौकटीत कोरलेला असतो.

अक्षरे दिसेनाशी झाली असतील तर व्हॉल्व्ह थंड करून त्यावर तोंडाची वाफ सोडावी. दव धरताना जुन्या अक्षरांची जागा भोवतालच्या काचेहून वेगळी दिसते आणि तेवढ्या दोन-चार क्षणांत वाचून घ्यावी. तिरप्या प्रकाशात भिंगाने पाहणे हा दुसरा उपाय. स्पिरिट, ओला कपडा वा साबण यांचा स्पर्श छापाला होऊ देऊ नये. धूळ मऊ कुंचल्याने झाडावी आणि छापाभोवतीची काच कोरड्या कापडाने पुसावी.

याच वेळी प्रकृतीची प्राथमिक पाहणीही उरकून घ्यावी. गेटरचा आरशासारखा डाग पांढरा, दुधट झालेला दिसला तर आत हवा शिरलेली आहे आणि त्या नगाचे आयुष्य संपले. त्यावर आणखी वेळ दवडू नये. डाग आक्रसला असून त्याच्या कडा तपकिरी झाल्या असतील तर व्हॉल्व्ह पुष्कळ चाललेला असण्याचा संभव, परंतु मूळचाच लहान गेटर असणाऱ्या जाती असल्यामुळे केवळ यावर निकाल देऊ नये. नोव्हल व्हॉल्व्हच्या पिनांवर सॉकेटात वारंवार शिरल्याचे ओरखडे पाहावे. ‘न वापरलेला’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाविरुद्ध ते ठळक पुरावा देतात. पिना काचेतून बाहेर पडतात त्या जागी तडे आहेत का हे पाहावे, आणि स्वतः व्हॉल्व्ह काढताना तो गोलगोल हलवू नये, कारण हे तडे बहुधा त्याच सवयीने पडतात. सरळ वर ओढावा. ऑक्टल व्हॉल्व्ह काचेने न धरता बैठकीने धरावा, आणि बैठकीमधील मार्गदर्शक खुंटी तुटली असेल तर तो चुकीच्या दिशेने बसू शकतो हे ध्यानात ठेवावे. यंत्रात चालू असताना काचेच्या आतील पृष्ठभागावर दिसणारी निळसर आभा निरुपद्रवी असते. परंतु प्लेट व कॅथोड यांमधील पोकळीत गुलाबी-जांभळा धूसर प्रकाश भरून राहिला तर तो वायूचा आहे आणि यंत्र तत्काळ बंद करावे.

यापुढील सर्व काम चालू यंत्रात करावयाचे असल्यामुळे एक सूचना आधी, आणि ती पूर्ण गांभीर्याने. या यंत्रांत ३०० ते ४५० व्होल्ट असतात, आणि यंत्र बंद केल्यावरही ते कंडेन्सरांत दडून राहतात. बंद केल्यावर काही वेळ थांबून, काही किलोओहमचा मजबूत रेझिस्टर इन्सुलेट केलेल्या तारांनी लावून कंडेन्सर रिकामे करावे आणि मीटरने खातरजमा करावी. चालू यंत्रात मोजताना मीटरची काळी तार चासीला क्लिपने आधीच जोडून ठेवावी आणि केवळ एकाच हाताने काम करावे. ‘यू’ मालिकेचे व्हॉल्व्ह असलेल्या जुन्या ए.सी.-डी.सी. रेडिओंत तर चासीच थेट घरच्या विजेच्या तारेला जोडलेली असते. अशा संचात ज्यास अनुभव नाही त्याने हात घालूच नये.

प्रत्यक्ष परीक्षणासाठी व्हॉल्व्ह-टेस्टर मिळाला तर उत्तमच, पण सर्वच टेस्टर सारखे नसतात. पुष्कळ दुकानांत आढळणारा साधा टेस्टर सर्व ग्रिड प्लेटला जोडून कॅथोडमधून किती उत्सर्जन होते एवढेच पाहतो. तो मेलेला व्हॉल्व्ह ओळखतो, जुळणीसाठी त्याचा उपयोग नाही. ब्रिटिश ॲव्हो वा अमेरिकन हिकॉक यांच्या यंत्रांत अन्योन्यवाहकता, म्हणजे ग्रिडवर एक व्होल्टाचा फरक पडला असता प्लेटचा प्रवाह किती मिलिअँपिअरने बदलतो ते प्रमाण, मोजता येते, आणि त्यांचे आकडे विश्वासाने वापरावे. तथापि असे यंत्र जवळ नसले म्हणून निराश होण्याचे कारण नाही, कारण व्हॉल्व्ह ज्या ॲम्प्लिफायरात चालावयाचा तो ॲम्प्लिफायरच त्याची सर्वांत खरी परीक्षा घेऊ शकतो, आणि त्यासाठी एक चांगला मल्टिमीटर पुरतो.

उदाहरणादाखल मुलार्डच्या ५-१० या आराखड्याचा ॲम्प्लिफायर घेऊ, कारण १९५०च्या दशकातील या आराखड्यावर जगभर असंख्य हौशी लोकांनी आपले हात बसवले: पाच व्हॉल्व्ह, दहा वॅट. आरंभी ईएफ८६, मग दोन विरुद्ध कलांचे संकेत निर्माण करणारा ईसीसी८३, शेवटी पुश-पुल जोडीने चालणारे दोन ईएल८४, आणि एक रेक्टिफायर. प्रत्येक ईएल८४च्या कॅथोडमध्ये त्याचा स्वतःचा २७० ओहमचा रेझिस्टर आहे असे धरू.

पहिली परीक्षा ग्रिडच्या शुद्धतेची, आणि तिची उपेक्षा करून केलेली जुळणी निष्फळ ठरते, म्हणून ती नीट समजून घ्यावी. निरोगी व्हॉल्व्हच्या नियंत्रक ग्रिडमधून जवळजवळ काहीच प्रवाह वाहत नाही. परंतु आत वायू राहिला असेल, किंवा कॅथोडवरील लेप उडून ग्रिडवर बसल्यामुळे तापलेला ग्रिडच इलेक्ट्रॉन सोडू लागला असेल, तर सूक्ष्म प्रवाह उलट दिशेने वाहतो, ग्रिडवरील ऋण दाब कमी होतो, प्लेटचा प्रवाह वाढतो, त्याने व्हॉल्व्ह अधिक तापतो, आणि अधिक तापल्यामुळे दोष आणखी वाढतो. थंड असताना साळसूद दिसणारे, आणि तासाभरात प्लेट लाल करून घेणारे व्हॉल्व्ह बहुधा याच रोगाचे असतात. परीक्षा अशी: यंत्र वीस मिनिटे तापू द्यावे, कोणताही संकेत देऊ नये, आणि ग्रिडपासून चासीपर्यंत जो मोठा रेझिस्टर असतो, समजा ४७० किलोओहमचा, त्याच्या दोन टोकांमधील डी.सी. व्होल्टेज मोजावे. ते शून्याच्या जवळ असले पाहिजे. अर्धा मायक्रोअँपिअर प्रवाहही तेथे सुमारे पाव व्होल्ट दाखवील. इतका वा अधिक धन दाब दिसला आणि वेळेबरोबर तो वाढतच गेला, तर नग संशयास्पद. मात्र निकाल देण्याआधी यंत्र बंद करून, कंडेन्सर रिकामे करून, तो व्हॉल्व्ह काढावा, यंत्र थोडाच वेळ पुन्हा चालू करून तेच मोजमाप घ्यावे. धन दाब तसाच राहिला तर अपराधी व्हॉल्व्ह नसून मागील टप्प्यातून संकेत आणणारा गळका कंडेन्सर आहे, आणि जुन्या कागदी कंडेन्सरांच्या बाबतीत हे इतके नित्याचे आहे की ते बदलल्याखेरीज जुन्या यंत्रात मोलाचे व्हॉल्व्ह लावूच नयेत. कित्येक निर्दोष व्हॉल्व्ह केवळ या कंडेन्सराच्या पापासाठी बाद ठरवले गेले आहेत.

ग्रिड शुद्ध ठरल्यावर जुळणीचा प्रश्न येतो. पुश-पुल यंत्रात दोन व्हॉल्व्हचे स्थिर प्रवाह आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातून परस्परविरुद्ध दिशांनी जातात आणि समान असतील तर एकमेकांचे चुंबकीकरण रद्द करतात. असमान असतील तर गाभा कायमचा एका बाजूस चुंबकित राहतो, त्याची प्रेरणक्षमता घटते, खर्जाच्या सुरांत विकृती येते आणि विजेचा गुणगुणाटही वाढतो. एका जुवाखाली एक दांडगा आणि एक अशक्त बैल जुंपला असता गाडी ज्याप्रमाणे एका अंगास ओढली जाते आणि दोन्ही जनावरे अकारण शिणतात, तशीच ही अवस्था आहे. वर्तुळाकार गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरांत हवेची फट नसल्यामुळे ते या बाबतीत विशेष नाजूक असतात.

मोजणी अशी करावी. यंत्र पूर्ण तापल्यावर प्रत्येक कॅथोड रेझिस्टरवरील व्होल्टेज घ्यावे आणि त्यास त्याच्या ओहमांनी भागावे. एका ईएल८४कडे ११.९ व्होल्ट मिळाले तर प्रवाह सुमारे ४४ मिलिअँपिअर, दुसऱ्याकडे १०.८ मिळाले तर ४०. यात स्क्रीन ग्रिडचा प्रवाहही मिसळलेला असतो. तो सुमारे ५ मिलिअँपिअर वजा करून उरलेल्या ३९ला प्लेट व कॅथोड यांमधील व्होल्टेजने, समजा ३००ने, गुणले असता ११.७ वॅट येतात, आणि ईएल८४ची मर्यादा १२ वॅट असल्यामुळे हा व्हॉल्व्ह सीमेवरच उभा आहे हेही त्याच वेळी कळते. त्यानंतर दोन्ही व्हॉल्व्हची सॉकेटे आपसांत बदलून पुन्हा मोजावे. मोठा आकडा व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या सॉकेटात गेला तर फरक व्हॉल्व्हचा. जागेवरच राहिला तर दोष रेझिस्टरमध्ये वा मंडलात आहे. पुष्कळ नगांतून जोड्या लावावयाच्या असतील तर एक स्थिर चालणारा व्हॉल्व्ह दुसऱ्या सॉकेटात कायम ठेवावा, प्रत्येक उमेदवार पहिल्याच सॉकेटात तपासावा, सर्व मोजण्या एकाच बैठकीत कराव्या, आणि दर वेळी मुख्य एच.टी., म्हणजे प्लेटांना पुरवले जाणारे उच्च, व्होल्टेजही लिहून घ्यावे, कारण आपल्या घरची वीज संध्याकाळी किती खाली येते हे सर्वांस ठाऊक आहे आणि त्याचा ठपका व्हॉल्व्हवर येता कामा नये.

आता वरील उदाहरणातील ४४ आणि ४० हा फरक दिसण्यात दहा टक्क्यांचा असल्यामुळे क्षम्य वाटेल, पण तो तसा नाही. कॅथोडमधील स्वतंत्र रेझिस्टर हा व्हॉल्व्हचा दोष झाकणारा आहे: प्रवाह वाढू लागला की तोच ऋण दाब वाढवून त्यास आवरतो. ईएल८४ची अन्योन्यवाहकता व्होल्टास सुमारे ११ मिलिअँपिअर आणि रेझिस्टर २७० ओहमचा धरला, तर हिशेबाने मूळच्या फरकाचा केवळ चौथा हिस्सा आपणास दिसतो. म्हणजे ठरावीक बायसवर, अर्थात ग्रिडला बाहेरून ठरलेला ऋण दाब दिला असता, हेच दोन व्हॉल्व्ह पंधरा-सोळा मिलिअँपिअरांनी वेगळे निघाले असते. म्हणून स्वतंत्र कॅथोड रेझिस्टरांच्या यंत्रात एका मिलिअँपिअरच्या आतला फरकच जुळणी म्हणून मानावा. दोघांसाठी मिळून एकच कॅथोड रेझिस्टर असेल तर हा आधारही राहत नाही, आणि तेथे आधीच जुळवलेली जोडी घालणे अगत्याचे असते; मोजण्यासाठी प्रत्येक कॅथोडच्या वाटेत एक ओहमचा रेझिस्टर घातला म्हणजे त्यावरील जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर असे सरळ वाचता येते. ईएल३४च्या ठरावीक बायसच्या यंत्रांतही हीच युक्ती करावी, आणि तेथे पाच टक्क्यांच्या आतील जोडी चांगली समजावी. अशा यंत्रात बायस हलवण्याची सोय असल्यास दुसरी मोजणीही अवश्य घ्यावी: बायस एक व्होल्टाने बदलून दोघांचे प्रवाह पुन्हा पाहावे. एकाचा ३५ वरून ४१ झाला आणि दुसऱ्याचा ३५ वरून ४४ झाला, तर शांततेत सारखे असलेले हे दोघे संगीत सुरू होताच वेगळे वागणार. विक्रेते ज्या जोड्यांना जुळलेल्या म्हणतात त्यांतील पुष्कळ या एकाच बिंदूवर जुळलेल्या असतात. त्यांच्याकडून मोजणीचे व्होल्टेज, बायस आणि दोन्ही आकडे लिहून मागण्याचा ग्राहकास पूर्ण अधिकार आहे.

लहान व्हॉल्व्हच्या बाबतीत मात्र जुळणीचे अवडंबर माजवू नये. ५-१० मधील ईसीसी८३ची दोन अर्धुके एका सामाईक कॅथोड रेझिस्टरवर उभी असल्यामुळे तेथे ती परस्परांशी जुळलेली असावीत. दोन्ही प्लेटांचे रेझिस्टर आधी मोजून, मग त्यांवरील व्होल्टेज पाहून हे ठरवता येते. पण दोन अर्धुके वेगवेगळ्या टप्प्यांत काम करीत असतील तर समतोलासाठी जादा पैसे देणे व्यर्थ. डावी-उजवी वाहिनी समान राहावी म्हणून दोन्हीकडचे वर्धन सारखे असावे, इतकेच पुरे. ईएफ८६सारख्या आरंभीच्या व्हॉल्व्हला जुळणीपेक्षा शांतता महत्त्वाची: पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने हलकेच टिचकी मारावी, आणि कर्ण्यातून टणत्कार उमटून बराच वेळ रेंगाळला तर तो नग पुढच्या, कमी संवेदनशील जागी ढकलावा. हीटर व कॅथोड यांमधील गळतीमुळे येणारा गुणगुणाटही याच जागी प्रथम ऐकू येतो.

मोजलेल्या प्रत्येक नगाची नोंद एका वहीत ठेवावी: जात, काचेवरील चिन्हे, गेटरचा आकार, तारीख, एच.टी., बायस, प्रवाह. आणि तोच क्रमांक खोक्यावर पेन्सिलीने लिहावा, काचेवर कधीही नव्हे. या वहीचा एक लाभ असा की तीत आपल्याकडील साध्या मालासही न्याय मिळतो. भारत इलेक्ट्रॉनिक्सने बंगळूर येथे १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले, आणि त्यांचे नग जुन्या दुकानांत अजून पडून असतात. त्यांना मुलार्डची कीर्ती नाही, म्हणून कोणी त्यांच्याकडे पाहत नाही, आणि भावही त्यामानाने कमी. न मोजलेल्या परदेशी जोडीपेक्षा मोजून जुळवलेली बंगळूरची जोडी मी केव्हाही पसंत करीन. वर्षानुवर्षे पडून राहिलेला कोणताही व्हॉल्व्ह पहिल्या काही तासांत बरेच रंग बदलतो, यासाठी नव्या जोडीला एक-दोन दिवस चालवून मगच अखेरची मोजणी करावी, आणि शंभरेक तासांनी तिची फेरतपासणी करावी. त्या वेळी दोघांपैकी एकच ढळलेला आढळला, तर त्याच्याशी आज जुळणारा दुसरा नग वहीत शोधून जोडी नव्याने लावावी, आणि सुटलेल्या नगाच्या खोक्यावर नवा आकडा व तारीख घालून तो परत कपाटात ठेवावा.